करिअर मार्गदर्शन कार्यक्रम: वक्त्याला फोन करण्याआधी काय करायचं, आणि हॉल रिकामा झाल्यावर काय

तालुक्याच्या कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयांत करिअर मार्गदर्शनाचे कार्यक्रम दरवर्षी होतात आणि बहुतेक ठिकाणी त्याच चुका होतात. आधी वक्ता मिळतो, मग विषय ठरतो. साडेदहाचा कार्यक्रम सव्वाअकराला सुरू होतो, पाऊण तास सत्कारात जातो, वक्ता घाईघाईत बोलतो. ‘कुणाला काही प्रश्न?’ असं विचारेपर्यंत मागच्या रांगा एसटीसाठी उठलेल्या असतात. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला जे विचारायचं होतं ते त्याच्यापाशीच राहतं.

पुढचा क्रम प्लेसमेंट सेलच्या समन्वयकांसाठी आणि ही जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आलेल्या प्राध्यापकांसाठी आहे. एक दिवस, तीन वक्ते, शंभराच्या आसपास विद्यार्थी आणि हाताशी सहा आठवडे, असं धरलं आहे. माझा आग्रह एकच आहे: कार्यक्रम मुलांच्या प्रश्नांवरून बांधायचा, आणि तो साधला की नाही हे पुढच्या महिन्यात मुलांनी काय केलं त्यावरून ठरवायचं.

१. आधी प्रश्न गोळा करा (सहा आठवडे आधी)

तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक वर्गात दहा मिनिटं मागून घ्या आणि कोऱ्या चिठ्ठ्या वाटा. नाव लिहायचं नाही, फक्त शाखा. फळ्यावर दोनच गोष्टी लिहा: ‘पदवीनंतर पहिल्या वर्षी काय करायचं मनात आहे?’ आणि ‘त्यात अडतंय कुठे?’ मोबाइलवरचा फॉर्म पाठवला तर उत्साही मुलंच भरतात. ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे ती गप्प बसणारी मुलं चिठ्ठीवर लिहितात.

चिठ्ठ्यांत काय येतं ते बघा. ‘एम.कॉम. करू की टॅली-जीएसटी शिकून सीएच्या ऑफिसात लागू?’ ‘केमिस्ट्रीवाल्याला एमआयडीसीत नेमकं काय काम असतं, हातात किती पडतात?’ ‘एमपीएससीला किती वर्षं द्यायची?’ ‘पुण्याला पाठवायला घरचे तयार नाहीत.’ ‘इंग्रजी येत नाही, मुलाखतीत काय करू?’ यांतल्या एकाही प्रश्नाला ‘स्वप्नं मोठी बघा’ हे उत्तर चालत नाही.

दोन सहकारी आणि दोन विद्यार्थी घेऊन चिठ्ठ्यांचे गठ्ठे करा. सगळ्यात जाड तीन गठ्ठे म्हणजे तुमचे तीन विषय. उरलेल्या चिठ्ठ्या टाकू नका, पुढच्या कार्यक्रमाला लागतील.

*तपासा: प्रत्येक विषय प्रश्नाच्या रूपात एका ओळीत लिहिता येतोय का? येत नसेल तर तो अजून मोघम आहे.*

२. तारीख आणि वेळ

अंतर्गत परीक्षा, प्रात्यक्षिकं, विद्यापीठाचं वेळापत्रक, एनएसएसचं शिबिर आणि स्नेहसंमेलन या तारखा एका कागदावर मांडा. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा (गणपतीचे दिवस टाळून) किंवा जानेवारीचा पहिला पंधरवडा बहुतेक ठिकाणी बसतो. मार्चमध्ये घेऊ नका. तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या मुलांचं सगळं लक्ष परीक्षेत असतं, आणि नंतरचा पाठपुरावा करायला ती महाविद्यालयात नसतात.

मग गावाचं वेळापत्रक बघा. आठवडे बाजाराच्या दिवशी मुलं येत नाहीत. सोयाबीनच्या पट्ट्यात काढणीच्या दिवसांत आणि कापसाच्या पट्ट्यात वेचणीत हजेरी अर्ध्यावर येते, त्यात मुलींची आधी कमी होते. आणि एसटी! दुपारच्या ज्या गाड्यांनी तुमची निम्मी मुलं घरी जातात त्यांच्या वेळा विद्यार्थ्यांकडूनच लिहून घ्या. दीडची गाडी असेल तर कार्यक्रम एकला संपला पाहिजे. दोनला संपणारा कार्यक्रम तुमच्या पत्रिकेत दोनचा असेल, गाडीच्या मुलांसाठी तो सव्वालाच संपलेला असतो.

३. वक्ते: मोठ्या पदापेक्षा जवळचा माणूस

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ द्या.

मोठ्या पदावरचा माणूस बोलवायचा मोह होतो. पत्रिकेवर नाव शोभतं, वर्तमानपत्रात बातमी येते. पण पंचवीस वर्षांपूर्वी नोकरीला लागलेल्या माणसाला आज अर्ज कुठे करायचा, पहिली चाळणी कशी होते, हे बहुधा माहीत नसतं. मुलांना तीन ते पाच वर्षं पुढे गेलेला माणूस लागतो. तीन वक्ते असे निवडा:

एक, तुमचाच माजी विद्यार्थी. शाखा तीच, भाग तोच, शक्यतो घरची परिस्थितीही तशीच. तो प्रथम श्रेणीतला असलाच पाहिजे असं नाही. सीएच्या ऑफिसात काम करणारी बी.कॉम.ची मुलगी पर्चेसची बिलं कशी लावते, जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या तारखांना ऑफिसात काय धावपळ असते, बँकेचं रिकन्सिलिएशन (वहीतल्या आणि बँकेतल्या नोंदींचा मेळ) जुळलं नाही तर काय करते, हे सांगते तेव्हा मुलांना ‘अकाउंट्सचं काम’ म्हणजे काय ते पहिल्यांदा कळतं. औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमधला बी.एस्सी. झालेला मुलगा एचपीएलसीवर (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) नमुना लावण्यापासून अहवालावर सही होईपर्यंतचा क्रम फळ्यावर काढतो, रात्रपाळीबद्दल खरं बोलतो. वर्गात शिकलेलं क्रोमॅटोग्राफीचं प्रकरण कुठे लागतं ते तिथे दिसतं.

दोन, भरती करणारा माणूस. जवळच्या एमआयडीसीतल्या एचआर विभागातला, बँकेच्या शाखेतला किंवा मोठ्या दुकानाचा मालक. तुम्ही चाकण-रांजणगाव, वाळूज, सातपूर-अंबड किंवा बुटीबोरीच्या आसपास असाल तर असा माणूस शोधायला फार वणवण होत नाही. अर्जात तो आधी काय बघतो आणि कोणता अर्ज बाजूला ठेवतो, एवढंच त्याने सांगायचं.

तीन, योजना माहीत असलेला माणूस. जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रातून किंवा जिल्हा उद्योग केंद्रातून अधिकारी येऊ शकतात. शिकाऊ उमेदवारीचा (अप्रेंटिसशिपचा) कायदा १९६१ चा, पण २०१४ च्या दुरुस्तीनंतर तो अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही खुला झाला. बी.ए., बी.कॉम.च्या कितीतरी मुलांना हे ठाऊकच नसतं. अप्रेंटिस म्हणजे आयटीआयवाले, असंच ती धरून चालतात. स्वतःचा धंदा करायचा गठ्ठा जाड असेल तर उद्योग केंद्राच्या माणसाला मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमावर बोलायला सांगा: कोण पात्र, अनुदान कसं मिळतं, बँक कर्जाचं प्रकरण का परत पाठवते. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या प्रशिक्षणाबद्दल मात्र त्याचा लाभ घेतलेल्या माजी विद्यार्थ्याला बोलतं करा. परिपत्रक वाचून दाखवण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

स्पर्धा परीक्षेचा गठ्ठा बहुतेक ठिकाणी सगळ्यात जाड निघतो. तिथे दोन माणसं बोलवा: एक पद मिळालेला, आणि एक ज्याने काही वर्षं देऊन दुसरी वाट धरली आणि आज कामाला आहे. दुसऱ्या माणसाला बोलवायला आयोजक कचरतात. पण ‘किती वर्षं द्यायची, थांबायचं कधी’ या प्रश्नाचं उत्तर तोच देऊ शकतो, आणि मुलांच्या आयुष्याची वर्षं वाचवणारं बोलणं त्याचंच असतं. वक्त्याची माहिती ताजी आहे का तेही बघा. एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ च्या परीक्षेपासून वर्णनात्मक झाली. जुन्या बहुपर्यायी पद्धतीतून निवड झालेला अधिकारी स्वतःच्याच तयारीवर बोलत राहिला तर मुलं चुकीच्या दिशेने अभ्यास करतील. पोलीस भरतीवर बोलणाऱ्याने आधीची ५० गुणांची मैदानी चाचणी आणि नंतरची १०० गुणांची लेखी, दोन्हींवर बोलायला हवं. निव्वळ लेखीच्या पुस्तकांची यादी देणारा वक्ता अर्धंच सांगतो.

तिघांत किमान एक स्त्री असू द्या. बाहेरगावी राहणं, हॉस्टेल, रात्रपाळी, लग्नाची घाई यांवरचे प्रश्न मुली तिलाच विचारतात.

*सावध: खासगी क्लासच्या चालकाला वक्ता म्हणून बोलवू नका. भाषणाच्या शेवटी माहितीपत्रकं वाटली जातात आणि मुलांचे नंबर गोळा होतात. तसंच ‘नोंदणी फी भरा, नोकरीची हमी’ असं सांगणाऱ्या एजन्सीला महाविद्यालयाच्या आवारात उभं करू नका. नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे घेत नाही, हे सूत्रसंचालकानेही मंचावरून एकदा स्पष्ट सांगावं.*

४. निमंत्रण, आणि त्याआधीचं बोलणं (चार आठवडे आधी)

आधी फोन, मग प्राचार्यांच्या सहीचं पत्र. कंपनीतल्या माणसाला वरिष्ठांची परवानगी लागते, त्यासाठी पत्र लवकर हवं. सरकारी अधिकाऱ्याचं पत्र कार्यालयाच्या नावाने द्या, म्हणजे ऐनवेळी त्यांना बैठक लागली तर दुसरं कोणी येऊ शकतं.

पत्रात ‘आपल्या अमूल्य मार्गदर्शनाचा लाभ व्हावा’ एवढंच लिहून थांबू नका. असा मजकूर घाला:

‘आपल्यासमोर बी.कॉम. तिसऱ्या वर्षाचे साधारण चाळीस विद्यार्थी असतील. बहुतेकांचं शिक्षण मराठी माध्यमातलं आहे, म्हणून मराठीत बोलावं ही विनंती. आपल्याकडे वीस मिनिटं बोलण्यासाठी आणि चाळीस मिनिटं गटातल्या प्रश्नोत्तरांसाठी आहेत. विद्यार्थ्यांनी विचारलेले पाच प्रश्न सोबत जोडले आहेत. कार्यक्रम १०.३० ला सुरू होऊन १.०० ला संपेल. प्रवासखर्च आणि मानधन त्याच दिवशी दिलं जाईल.’

शेवटचं वाक्य लिहिण्याआधी कार्यालयातून रकमेची मंजुरी घेऊन ठेवा. रजा टाकून, स्वतःच्या खर्चाने आलेल्या माजी विद्यार्थ्याला ‘बिल पाठवा, बघू’ म्हणणं बरं नव्हे. तो पुढच्या वर्षी येत नाही.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी प्रत्येक वक्त्याशी वीस मिनिटं फोनवर बोला. हे टाळलं की वक्ता सवयीप्रमाणे प्रेरणादायी भाषण घेऊन येतो. त्यात त्याची चूक नाही, त्याला कोणी नेमकं सांगितलेलं नसतं. तीन गोष्टी मागा:

पहिली नोकरी नेमकी कशी मिळाली, कोणी सांगितलं, कुठे अर्ज केला, सुरुवातीला हातात किती पडले, हे आकड्यांसकट. आकडा सांगणं अवघड वाटत असेल तर त्या क्षेत्रातल्या सुरुवातीच्या पगाराचा साधारण अंदाज तरी.

कामाच्या एका दिवसाचा क्रम. शक्य असेल तर कामात वापरायची एखादी कोरी वस्तू: बिलाचा नमुना, तपासणी अहवालाचा फॉर्म, अर्जाचा फॉर्म. कंपनीचा खरा कागद आणू नये, हेही सांगा.

आणि विद्यार्थ्याने येत्या पंधरा दिवसांत करायचं एक काम.

*तपासा: प्रेझेंटेशन असेल तर ते आदल्या दिवशी तुमच्या हातात आहे का? हॉलच्या संगणकावर उघडून मराठी अक्षरं नीट दिसतात का ते बघा. फॉन्ट तुटून चौकोन दिसणं हे नेहमीचं आहे. पीडीएफ करून घेतलं की प्रश्न मिटतो.*

एक राखीव वक्ता ठरवून ठेवा. तुमच्याच गावातला, अर्ध्या तासात येऊ शकणारा. त्यालाही प्रश्न आधी पाठवा.

५. हॉल, माइक, वीज

यात फार गुंतू नका. शंभर मुलांसाठी चारशेचा हॉल घेऊ नका, मुलं मागे जाऊन बसतात. दोन माइक हवेत, त्यातला एक बिनवायरचा. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा स्पीकर असू द्या. गटांसाठी तीन वर्गखोल्या आदल्या दिवशी झाडून, बाकं गोलाकार लावून ठेवा आणि दारावर विषय लिहा. फ्लेक्सपेक्षा हे दारावरचे कागद जास्त कामाचे आहेत.

६. विद्यार्थ्यांची तयारी (दोन दिवस आधी)

नोटीस लावून भागत नाही. वर्गशिक्षकांनी प्रत्येक वर्गात दहा मिनिटं देऊन वक्ते कोण आहेत, कोणत्या गटात काय होणार आहे हे सांगावं, आणि प्रत्येकाने एकच गट निवडून नाव नोंदवावं. निवड मुलांची असू द्या. हजेरीच्या सक्तीने पहिल्या वर्षाची मुलं आणून हॉल भरला तर तिसऱ्या वर्षाचे प्रश्न मागे पडतात.

माइक हातात घेऊन प्रश्न विचारायला बहुतेक मुलं धजत नाहीत. म्हणून प्रश्न आधीच चिठ्ठीवर घ्या आणि प्रत्येक गटाला दोन विद्यार्थी द्या: एक चिठ्ठ्या वाचेल, दुसरा उत्तरं वहीत लिहील. लिहिणारा नसेल तर दोन दिवसांनी कोणालाच काही आठवत नाही.

७. कार्यक्रमाचा दिवस

वेळ अशी बांधा:

१०.३० प्रतिमापूजन, स्वागत आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचं मनोगत, सगळं मिळून पंधरा मिनिटं.
१०.४५ तीन वक्ते, प्रत्येकी वीस मिनिटं.
११.४५ चहा आणि गटांत जाणं, पंधरा मिनिटं.
१२.०० गटांत प्रश्नोत्तरं, चाळीस मिनिटं.
१२.४० हॉलमध्ये परत. प्रत्येक गटाचा विद्यार्थी तीन मुद्दे सांगेल, मग दोन मिनिटांत आभार.
१२.५५ समाप्त.

अध्यक्षीय भाषण शेवटी ठेवण्याची पद्धत इथे मोडा. शेवटी ठेवलं तर ते गाडीच्या वेळेत जातं. मुलं उठतात, अध्यक्षांचा अवमान होतो आणि वक्त्यांचे गटही आखडतात. पदाधिकाऱ्यांना चार दिवस आधी भेटून सांगा, ‘साहेब, गाडीची मुलं थांबत नाहीत, आपलं मनोगत सगळे असताना सुरुवातीलाच घेतो.’ हे कारण खरं आहे आणि आदराने सांगितलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. ऐन मंचावर चिठ्ठी पाठवून भाषण आटोपतं घ्यायला सांगणं मात्र कधीच करू नका.

वक्त्याचा परिचय चार ओळींचा असावा: नाव, शाखा, सध्याचं काम, आणि आज ते कोणत्या प्रश्नावर बोलणार. सत्काराला पुस्तक द्या आणि तिघांचा सत्कार एकदमच उरका.

जो माजी विद्यार्थी मंचावर बोलताना अवघडतो त्याला भाषण करायला लावू नका. शेजारी खुर्ची टाकून एका प्राध्यापकाने त्याची मुलाखत घ्यावी. ‘पहिल्या दिवशी ऑफिसात काय करायला सांगितलं?’ असं विचारलं की तो मोकळा होतो.

गटांत प्राध्यापकांनी मागे बसावं आणि मधे बोलू नये. शिक्षक समोर असले की मुलं पगाराचं विचारत नाहीत. मुलींना हवा असेल तर वक्त्या बाईंसोबत त्यांचा वेगळा गट करा. तसं आधी विचारूनच ठरवा.

*तपासा, ११.४५ ला: वेळ पुढे गेली असेल तर चहा गटातच द्या. गटांची चाळीस मिनिटं कमी करू नका, दुसरं काहीही कापा.*

८. नंतरचे तीस दिवस

आभाराचं पत्र दुसऱ्या दिवशी जाऊ द्या. त्यात विद्यार्थ्यांनी लिहिलेली दोन वाक्यं घाला. वक्त्याचा मोबाइल नंबर मुलांत वाटू नका, आणि मुलांचे नंबर त्यांच्या संमतीशिवाय कोणालाही देऊ नका. नंतरचे प्रश्न समन्वयकाकडे जमा करून पंधरा दिवसांनी एकदम पाठवा.

पहिल्या आठवड्यात कागदपत्रांचं टेबल लावा. संधी समोर असूनही मुलं अडकतात ती इथे: डोमिसाइल काढलेलं नसतं, नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपलेली असते, जात पडताळणीचा अर्जच केलेला नसतो, आधारवर आणि गुणपत्रिकेवर नाव वेगळं असतं. दोन विद्यार्थी स्वयंसेवक आणि कार्यालयातला एक कर्मचारी बसवा. प्रत्येकाचे कागद बघून काय कमी आहे ते चिठ्ठीवर लिहून द्या आणि आपले सरकार सेवा केंद्रात काय न्यायचं ते सांगा.

दुसऱ्या आठवड्यात संगणक कक्ष दोन दुपार उघडा ठेवा. एका दुपारी एक पानाचा बायोडाटा, दुसऱ्या दुपारी अप्रेंटिसशिपच्या नॅट्स पोर्टलवर नोंदणी. ई-मेल प्रत्येकाचा स्वतःचा असावा आणि पासवर्ड त्याच्या वहीत लिहिलेला. सायबर कॅफेवाल्याने उघडून दिलेल्या ई-मेलवर मुलाखतीचं पत्र येतं आणि ते कोणी वाचत नाही.

महिना झाला की त्याच वर्गांत परत जा आणि हात वर करायला सांगा: अर्ज कोणी केला, कागद कोणाचे पूर्ण झाले, बायोडाटा कोणाचा तयार आहे, माजी विद्यार्थ्याशी पुन्हा कोण बोललं. हे आकडे शाखेनुसार लिहून ठेवा. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालाला फोटो आणि हजेरीपत्रक लागतंच, पण त्यासोबत हे पान जोडलं तर कार्यक्रमातून काय निघालं ते दिसतं.

*सावध: हात वर न करणाऱ्यांना सगळ्यांसमोर कारण विचारू नका. मधल्या सुट्टीत एकेकाला भेटा. बहुतेकदा अडचण फीची, घरच्या कामाची किंवा मोबाइल नसण्याची असते आणि ती चार लोकांत सांगता येत नाही.*

शेवटी एक जाड वही करा. वक्त्याचं नाव, तो कशावर चांगलं बोलला, कोणत्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, कोणत्या गटात बाकं कमी पडली, हे त्याच आठवड्यात लिहा. उत्तर न मिळालेले प्रश्न वेगळ्या पानावर काढा. समन्वयक बदलला तर चार्ज देताना ही वही त्याच्या हातात द्या आणि त्या पानावर खूण करून द्या, कारण पुढच्या वर्षीचा पहिला वक्ता त्यातूनच शोधायचा आहे.